दरीच्या तोंडाशी येळवस

आम्ही दुसऱ्यांच्या रानात विहिरी खोदायचो आणि स्वतःला प्यायला पाणी टँकरखाली घागर धरून आणायचो. कॉलेजात मी हे सांगितलं की मुली हसायच्या. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही. विहिरीला पाणी लागलं की आमचं काम संपलं. काम संपलं की पाल मोडायचं आणि पुढच्या गावाला जायचं. पाणी मागं राहायचं, आम्ही पुढं.

जळकोट, मुखेड, अहमदपूर, कधी कंधारच्या बाजूला. विहिरीच्या कडेला ताडपत्रीचं पाल, पालाबाहेर तीन दगडांची चूल. आप्पा, म्हणजे माझे वडील, खाली उतरायचे. पहार, घण आणि सुरुंगाची भोकं पाडायचं मशीन. माय वर यारीपाशी. यारी म्हणजे खालचा दगडगोटा वर ओढायचा लोखंडी खांब आणि त्याचं चाक. त्या खांबाच्या सावलीत मी पुस्तक घेऊन बसायचे, कारण दुसरी सावली नसायची. सावली सरकली की मी सरकायचे.

खोल गेलं की खाली हवा कोंडते. म्हणून आमच्या कामात एक रीत होती. वरच्या माणसानं थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, "हाव का?" खालच्यानं उत्तर द्यायचं, "हाव!" म्हणजे मी आहे, शुद्धीवर आहे, चालू दे. खाली दोघं असले तरी ज्याला हाक मारली त्यानंच बोलायचं. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं 'हाव' म्हणणं म्हणजे पापच. उत्तर आलं नाही की दोर ओढायचा, मग कुणी काही म्हणो. मायची हाक दिवसभर चालायची, भाकरी थापतानासुद्धा. माझे पाढे त्या हाकांच्या मधल्या जागेत पाठ झाले.

दहावीनंतर आप्पांनी मला नांदेडला वसतिगृहात घातलं. तिथंच मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या भावकीत त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी मान वर करून सांगते. ज्यांना यात गर्व दिसतो त्यांनी एक उन्हाळा पालात काढून बघावा.

निकाल घेऊन मी पालावर गेले तेव्हा आप्पा नुकतेच वर आले होते. पापण्यांवर दगडाचं पीठ.

"काय शिकलीस म्हणं?"

"भूगोल."

"त्याच्यात काय असतंय?"

"डोंगर, नद्या, दऱ्या, तारे."

"आन ते बगायला कालेजात जावं लागतंय?"

माय म्हणाली, "आवं, तुमाला विहिरीभायेरचं काय बी दिसत न्हाई. पोरगी शिकली, गप बसा."

"गप बसतो. पर तिनं दाखवावं मला. दरी दाखव, तारे दाखव. मंग म्हणीन, शिकली."

"दाखवते," मी म्हणाले.

बोलायला काय जातंय? मग बी.एड. झालं, लातूरला खाजगी शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, लेकरं झाली. आईबापांना मी लातूरला आणलं. दरवर्षी मी फळ्यावर घळई काढायचे. दोन उभ्या रेघा, मध्ये बारीक नदी. एखादं आगाऊ पोरगं विचारायचं, "बाई, तुमी बघितली का खरी?" मी म्हणायचे, "फळ्याकडं बघ." खरी घळई मी कधीच पाहिली नव्हती. पेपर तपासा, निवडणुकीची ड्यूटी करा, पाणी आलं की रात्री-पहाटे उठून भरा. सुट्टी लागली की मी फक्त झोपायचे.

ह्याच वर्षांत रानारानांत बोअरच्या गाड्या घुसल्या आणि विहिरीचं काम सुटलं. काम सुटल्यावर आप्पांचा दम दिसायला लागला. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग बोलताना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय. ती आता निघत नसते. आहे तो श्वास जपून वापरा."

रिक्षात आप्पा मला म्हणाले, "श्वास काय गाडीतलं पेट्रोल हाय व्हय, जपून वापरायला?" घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "तू दरी दाखवणार व्हतीस."

ते विसरले नव्हते. आता हातात वेळ किती आहे ते दोघांनाही माहीत होतं.

सह्याद्रीत, संगमनेरच्याही पुढं, डोंगरावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथं आधीच गर्दी वाढलीय. हवा कोरडी, उजेड कमी, म्हणून लोक तारे बघायला येतात. आणि गावापासून जवळच काळ्या पाषाणात उभी चिरलेली घळई आहे, तिच्या आजूबाजूला आणखी दोन-तीन. एकाच ठिकाणी दरीही, तारेही. मी दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं. नवरा म्हणाला, "लेकरांना मी बघतो, तू जाऊन ये."

दिवस मायनं काढला. "पुनवेला निगा. चांगला दिवस हाय." आमच्या घरात मोठं काम निघालं की पौर्णिमा बघायची आणि अमावास्येला उंबरा ओलांडायचा नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. मी भूगोलाची बाई. चंद्राच्या कला मी मुलांना चेंडू आणि बॅटरी घेऊन शिकवते. पण अमावास्येला एसटीत बसायचं हा विचार आमच्या घरात जन्मलेलाच नव्हता, तर तो माझ्या डोक्यात कुठून येणार? मी सुट्ट्या बघितल्या, पौर्णिमा सुट्टीत बसत होती, तिकिटं काढली.

लातूरहून नगर, नगरहून संगमनेर, तिथून दुसरी गाडी, मग जीप. प्रत्येक स्टँडवर आप्पा बाकड्यावर बसून दम गोळा करायचे आणि माय त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. ज्यांच्या घरी उतरलो ते काका स्वतःच दुर्बीण दाखवायचे. अंगणात चांदणं असं पडलं होतं की ज्वारीचा दाणा निवडून घ्यावा.

"काका, तारे?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. "बाई, तुम्ही शिक्षिका ना? पौर्णिमेला कोण येतं तारे बघायला? मी दुर्बीण दुरुस्तीला दिलीय. लोक अमावास्येला येतात."

माय म्हणाली, "आवशीला? आवशीला घर सोडायचं?"

"आजी, मग चंद्र बघा. तो काय वाईट आहे का?"

आप्पांनी वर पाहिलं. "चंद्र लातूरला बी हाय की," म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

सकाळी घळईकडं निघालो. गाडी थांबते तिथून तोंडापर्यंत चढउताराची पायवाट आहे. धडधाकट माणूस बोलत बोलत जाईल एवढीच. आप्पा थोडं चालले आणि एका दगडावर बसले. मग उठले, चालले, बसले. तिसऱ्यांदा बसले ते उठलेच नाहीत.

"तू जाऊन ये, बाई. बगून ये आन मला सांग."

"न्हाई."

"खामखा हट्ट करू न्हाई. एवढं आलीस तर जा."

मी गेले नाही. फळ्यावर इतकी वर्षं न बघता काढली, आणखी काही वर्षं काढीन, पण एकटीनं बघून येऊन त्यांना सांगायचं नाही. आम्ही तिथूनच मागं फिरलो. लातूरला पोचल्यावर आप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मायनं मला बोल लावला नाही, पौर्णिमेलाही नाही.

वर्ष गेलं. दरीचा विषय मी काढला नाही. आप्पांचा दम आणखी उतरला होता. दिवाळी झाल्यावर एक दिवस ते म्हणाले, "मास्तरीणबाई, औंदा आवस कधी?"

"कंची?"

"येळवस. येळवसला जाऊ तकडं."

मायच्या हातातलं सूप थांबलं.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. सगळं माणूस रानात. कडब्याची खोप उभी करायची, तिच्यात पाच पांडवांचे पाच दगड मांडून पुजायचे, आणि हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील खायचं. ज्याला रान नाही त्यालाही हाक मारून बसवतात. आम्हाला रान कधीच नव्हतं. पण आप्पांनी ज्यांच्या विहिरी खोदल्या ते लोक येळवसला त्यांना आठवणीनं बोलवायचे. आप्पा धुतलेलं धोतर नेसून जायचे, आधी विहिरीत डोकावायचे, मग जेवायला बसायचे. वर्षात एकाच दिवशी त्यांना लोक हाताला धरून मोठ्या माणसांच्या पंगतीत नेत. तो दिवस ते सोडायला निघाले होते. कुणाच्या नातवानं फोन केला तर म्हणाले, "औंदा न्हाई जमत. गावाला चाललो. न्हाई न्हाई, मयतीला न्हाई. बगायला चाललो."

मायनं एकच अट घातली. "येळवस इथं टाकून मी येणार न्हाई. संग घेऊन येणार."

म्हणजे तिनं खरंच बरोबर घेतली. उंडे, भज्जीचा डबा, कडब्याची छोटी पेंढी पिशवीत कोंबलेली, आणि आंबिलीचा कॅन. ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेली आंबील एसटीच्या हिसक्यांनी अशी फुगली की नगरच्या स्टँडवर कॅनचं झाकण उडालं आणि पुढच्या सीटवरच्या माणसाची टोपी भिजली.

"काय हाय हे, आजी?"

"परसाद हाय बाबा. तुमाला आदी मिळाला."

त्या माणसानं मिशीवरचं चाटून बघितलं आणि हसला. मला हसायचं त्राण नव्हतं. मी आदल्या दिवशी शाळा करून, लेकरांचे डबे करून निघाले होते, आणि आप्पांचा प्रत्येक श्वास मोजायची सवय लागली होती.

ह्या वेळी घळईकडं दुपारी निघालो, गारठा सरून ऊन पडल्यावर. काका पुढं. त्यांनी आधी सांगितलं, "आजोबांसाठी दोन गडी आणि खुर्ची मागवतो. उचलून नेतील."

"मला?" आप्पा म्हणाले. "मी विहिरीत उतरणारा माणूस. मला मेल्यावर उचला."

मग ते चालले तसे, जसे विहिरीत उतरायचे. थोडं उतरायचं, टप्प्यावर थांबायचं, हात दगडाला टेकवायचा, दम बसला की पुढचा टप्पा. वरून कुणी घाई केली तरी बधायचं नाही. मागच्या साली ते चार माणसांसारखे चालायला गेले होते, म्हणून बसले. ह्या साली ते आपल्या कामासारखे चालले. मी मागं. माझी पाठ भरून आली. किती वेळ लागला ते मी बघितलं नाही.

घळईच्या तोंडाशी एक सपाट जागा आहे. तिथवर सोडून काका पाणी आणायला गाडीकडं मागं फिरले. माय तिथंच थांबली, तिच्या गुडघ्यांना पुढचे धोंडे जमत नव्हते. तिनं पाच दगड गोळा केले, कडबा बाजूला ठेवला, आणि म्हणाली, "तुमी जा. मी वर हाय."

आम्ही दोघं आत उतरलो. दोन्ही बाजूंनी काळा पाषाण सरळ वर गेलेला, मध्ये आभाळाची एक चिंधी. खाली गारवा. आप्पांनी भिंतीवर तळवा ठेवला.

"ह्यो तर आपलाच दगड हाय."

"हाव. तोच. आपल्याकडला आन इथला एकच."

त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं. "येवढं खोल गेले, आन पाणी न्हाई लागलं?"

"आप्पा, ही पाण्यानंच कापलीय."

"पाण्यानं? किती दिवसांत?"

"लाखो वर्षं लागली."

"मंग बरंय. आमाला म्हणायचे, म्हैन्यात पाणी लावा."

वरून हाक आली. "हाव का?"

मी चमकले. इतक्या वर्षांत ती हाक ऐकली नव्हती. घळईनं ती दोनदा परत म्हटली. आप्पांचा चेहरा बदलला. "हाव!" ते ओरडले, आणि खोकले.

आणखी थोडं आत गेलो. पुढं मोठा धोंडा होता, त्यापलीकडं पाण्याचं डबकं. आप्पा त्या धोंड्याला टेकून उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. ओठ निळसर झाले होते. छाती वरखाली होत होती, पण आवाज नव्हता.

"हाव का?"

आप्पा बोलले नाहीत.

"हाव का?" मायचा आवाज चढला. "आवं, हाव का?"

माझ्या तोंडात 'हाव' आलाच होता. वर ती एकटी, गुडघ्यांनी अधू, आता उतरायला निघेल आणि पडेल. मी तोंड उघडलं. आप्पांनी डोळे न उघडता हात वर केला, माझ्या तोंडासमोर आडवा धरला. मी गप्प झाले. वर दगड घरंगळल्याचा आवाज आला. मी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या पाठीतून श्वास येतो का बघत राहिले. आत काहीतरी अडलं, अडलं, आणि सुटलं.

"हाव!"

फार मोठा नव्हता. पण घळईनं तो उचलला आणि वर नेला.

वरून माय म्हणाली, "मंग बोलायला काय झालतं? जीव घेता का माणसाचा?"

आप्पा हसले. "वरडू दे," मला म्हणाले. "तिचं कामच हाय ते." मग डोळे उघडून त्यांनी भिंत पुन्हा एकदा वरपर्यंत नीट बघितली, माप घेतल्यासारखी. मीही बघितली. फळ्यावरच्या माझ्या रेघा फार सरळ होत्या. खरी घळई पोटाशी फुगते, मध्येच वळते, वरच्या कडा एकमेकींवर वाकतात. मी ते डोळ्यांत ठेवून घेतलं.

वर आल्यावर मायनं आंबिलीचा पहिला पेला आप्पांच्या हातात दिला. पांडवांना त्याच्यानंतर. परत आलेल्या काकांनाही बसवलं. त्यांनी उंडा हातात फिरवून बघितला, खाल्ला आणि दुसरा मागितला. माय पाच दगडांभोवती आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' म्हणाली. शब्द गावागावाला वेगळे असतात, अर्थ आम्हाला कुणालाच माहीत नाही, पण ते म्हटल्याशिवाय येळवस होत नाही. सोबत म्हणायला आम्ही दोघंच होतो.

संध्याकाळी काकांच्या माळावर ताडपत्री टाकली. पुण्याकडची काही मंडळी आधीच आली होती. काका सगळ्यांना सांगत होते, "मोबाईल बंद, बॅटरी बंद. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या." लोक मुकाट्यानं बसले. तेवढ्यात मागं भडका उडाला. मायनं कडब्याची पेंढी पेटवली होती. येळवसला दिवस बुडताना हेंडगा पेटवून रानाभोवती फिरवतात, तो.

"अहो आजी! लाईट! लाईट बंद!"

"लाईट कुठं हाय? हेंडगा हाय. येळवसला हेंडगा न फिरवता झोपायचं व्हय?"

"आमच्या डोळ्यांची अर्ध्या तासाची मेहनत गेली!" एक बाई म्हणाली.

"मंग डोळे मिटा की माय," माय म्हणाली, आणि लंगडत लंगडत माळाला एक फेरी घालून आली. पेंढी लहान होती, लगेच विझली. राख तिनं पायानं मातीत घातली.

मग खराच अंधार झाला. पूर्वेला तीन ताऱ्यांचं तिकांडं वर येत होतं, डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, आणि बाकी सगळीकडं इतके की नावं शोधायला जागा नव्हती. मी शिकवल्यासारखं बोलायला लागले. हा मृग, ही रोहिणी. आप्पांनी हात हलवला. "थांब जरा. बगू दे."

ते उताणे झोपून बघत होते. काकांनी दुर्बिणीला डोळा लावायला बोलावलं तर म्हणाले, "एका डोळ्यानं कामून? दोन हायत की." बऱ्याच वेळानं त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवून गोल केला, आभाळाकडं धरला आणि त्यातून बघितलं.

"विहिरीतून येवढंच दिसायचं," म्हणाले. मग हात खाली घेतले.

"लातूरला बी इतकेच हायत, आप्पा. उजेडानं दिसत न्हाईत."

"असतील." थोडं थांबून म्हणाले, "दावलंस बरं का, बाई. झालं."

"मंग, शिकली का पोरगी?" मायनं विचारलं.

उत्तर आलं नाही. माय उठून बसली. पण ते घोरत होते. पलीकडच्या पुण्याच्या लोकांपैकी कुणीतरी "श्श" केलं. माय त्यांच्या अंगावर गोधडी टाकत म्हणाली, "आता ह्यांच्या घोरण्याचा बी उजेड पडतोय का?"

मलाही पडल्या पडल्या डोळा लागला. इतके तारे वर असताना मी झोपले, ह्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

आमच्या घरातलं माणूस त्याआधी कामाला, दवाखान्यात, लग्नाला नाहीतर मयतीला म्हणूनच गावाबाहेर गेलेलं होतं. त्या येळवसला आम्ही तिघं नुसतं बघायला म्हणून गेलो. आप्पांनी दरी बघितली, तारे बघितले, आणि स्वतःच्या पायांनी चालत घरी आले.